इंग्रजी वाक्संप्रदाय कसे शिकावे?



इंग्रजी व्याकरणाचे नियम तोंडपाठ आहेत, शब्दसंग्रहहि बरा आहे, तरी एखादा साधा इंग्रजी उतारा वाचतांना मध्येंच अडखळावयास होतें, असा अनुभव तुमच्यापैकीं पुष्कळांना येत असेल. वाक्यांतील एकूणएक शब्द ओळखीचा असतो. अर्थ मात्र अनोळखी राहतो. ‘ही पुट अप विथ हिज नेबर’ हें वाक्य घ्या. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. या तिन्ही शब्दांची बेरीज केली, तर ‘त्यानें शेजाऱ्यासह वर ठेवलें’ असें कांहीं तरी चमत्कारिक वाक्य हातीं येतें. खरा अर्थ ‘त्यानें शेजाऱ्याचा त्रास निमूटपणें सोसला’ असा आहे. ‘सोसणें’ हा अर्थ त्या तीन शब्दांपैकीं एकांतहि नाहीं. तो तिघांच्या संगतींतून उत्पन्न झाला आहे. अशा शब्दसमूहास आपण वाक्संप्रदाय किंवा वाक्प्रचार म्हणतों.

वाक्संप्रदाय म्हणजे भाषेचा अलंकार, तो मागाहून शिकला तरी चालेल, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अलंकार पेटींत ठेवतां येतात. वाक्संप्रदाय हे रोजच्या बोलण्याचें अन्नपाणी आहे. ते न कळल्यास वाचलेलें अर्धवट कळतें, ऐकलेलें भलतेंच कळतें, आणि बोलतांना विनय दाखवावयाचा तेथें उद्धटपणा पदरीं येतो. म्हणून या लेखांत ते कोठून येतात, कोठें फसवितात आणि कसे शिकावे, याचा थोडक्यांत विचार करूं.

१. आधीं आपल्या घरांत पाहा

इंग्रजी भाषा विचित्र आहे, अशी तक्रार करण्यापूर्वीं आपल्या मराठीकडे क्षणभर परक्याच्या दृष्टीनें पाहा. ‘लागणें’ हें एकच क्रियापद घ्या. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नाद लागतो, वेड लागतें, परीक्षेचा निकाल लागतो, मुलाला नोकरी लागते आणि शेवटीं आंब्याच्या झाडाला आंबेहि लागतात. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजानें ‘लागणें म्हणजे स्पर्श होणें’ एवढा एकच अर्थ पाठ केला असेल, तर त्याची काय अवस्था होईल? ‘थंडी वाजते’ हें ऐकून तो घंटेचा नाद शोधूं लागेल. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडतांना ‘येतों हं’ म्हणतो, तेव्हां हा जातो आहे कीं परत येतो आहे, हेंच त्याला उमगणार नाहीं. आपण मात्र लहानपणापासून हें सर्व बिनचूक बोलतों. कारण तें आपण कोशांतून शिकलों नाहीं, आईच्या तोंडून ऐकून शिकलों.

तेव्हां वाक्संप्रदाय हें इंग्रजीचें वैगुण्य नाहीं. तो प्रत्येक जिवंत भाषेचा स्वभाव आहे. मेजर कँडी यांच्या साह्यानें मोल्सवर्थ यांनीं आपल्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली आवृत्ति १८५७ मध्यें काढली. तिचीं पानें चाळलीं म्हणजे एकेका साध्या मराठी शब्दाखालीं त्याचे किती वाक्प्रचार त्या परकीय विद्वानांना नोंदावे लागले, हें दिसून येतें. जे कष्ट त्यांनीं आपल्या भाषेसाठीं घेतले, तेच आपल्याला त्यांच्या भाषेसाठीं घ्यावयाचे आहेत.

२. लहान क्रियापदें, मोठें राज्य

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी अवघड, लांबलचक शब्दांना भितो. वस्तुतः भीति वाटावी तर ती ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘लुक’, ‘सेट’, ‘रन’ या चिमुकल्या शब्दांची. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९२८ मध्यें पूर्ण झाला, तेव्हां त्यांतील सर्वांत लांब नोंद कोणा पंडिती शब्दाची नव्हती. ती ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची होती. सी. के. ऑग्डन यांनीं १९३० मध्यें ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची सोपी इंग्रजी तयार केली. तींत त्यांनीं क्रियापदें ठेवलीं अवघीं १८! इतक्या थोड्यांवर काम भागतें, याचें कारण तीं क्रियापदें ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ अशा लहान अव्ययांशीं जोडलीं म्हणजे नवनवे अर्थ देतात. अशा जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पियर्सल स्मिथ यांनीं १९२५ मधील आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथांत रूढ केलें.

‘लुक’ चा परिवार पाहा. ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणें. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणें. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणें. ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणें. ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणें. ‘लुक फॉरवर्ड टु’ म्हणजे एखाद्या गोष्टीची आनंदानें वाट पाहणें. क्रियापद एकच, पण पाठीमागचें अव्यय बदललें कीं दाई, शिपाई आणि गर्विष्ठ मनुष्य असे तीन निरनिराळे लोक डोळ्यांपुढें उभे राहतात.

‘टेक’ चेंहि तसेंच आहे. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे ती आईच्या वळणावर गेली आहे. ‘ही वॉज टेकन इन’ म्हणजे तो फसला गेला. त्याला कोणी घरांत नेलें असें नव्हे. ‘टेक टु’ म्हणजे एखाद्याची किंवा एखाद्या गोष्टीची गोडी लागणें. येथें मराठी ‘लागणें’ पुन्हां मदतीला आलें, हें ध्यानांत घ्या.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. क्रियापद एका वहींत आणि अव्यय दुसऱ्या वहींत लिहून पाठ करण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही मिळून एकच शब्द आहे असें समजून, पूर्ण वाक्यासह तो शिकला पाहिजे.

३. वाक्संप्रदाय कोठून येतात?

लोक जेथें राबतात, खेळतात आणि प्रार्थना करतात, तेथें त्यांचे वाक्संप्रदाय जन्मतात. आपण शेतकऱ्यांचे वंशज. म्हणून ‘पेरावें तसें उगवतें’, ‘कुंपणानेंच शेत खाल्लें’, ‘नांगर फिरविणें’ हें आपल्या जिभेवर सहज येतें. इंग्रजांचा देश चोहों बाजूंनीं समुद्रानें वेढलेला. म्हणून त्यांच्या बोलण्यांत खारें पाणी फार. ‘लर्न द रोप्स’ म्हणजे कामाची माहिती करून घेणें. कारण शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला आधीं दोरांचें जाळें ओळखावें लागे. ‘ऑल ॲट सी’ म्हणजे गोंधळून गेलेला, ज्याला किनारा दिसत नाहीं असा. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे सामान्यतः. हे शब्द वाऱ्याच्या दिशेप्रमाणें गलबत हाकण्यासंबंधींचे होते, हें आज बहुतेक इंग्रजांनाहि ठाऊक नसतें.

‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे दिसत असून न दिसल्यासारखें करणें. याच्याशीं आरमारी सेनापति नेल्सन याची एक आख्यायिका जोडलेली आहे. नेल्सनचा उजवा डोळा लढाईंत अधू झाला होता. १८०१ मध्यें कोपनहेगनच्या लढाईंत वरिष्ठांनीं माघारीची निशाणी दाखविली, तेव्हां त्यानें दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि ‘मला निशाणी दिसत नाहीं’ असें म्हणून लढाई चालू ठेवली, असें सांगतात. इंग्रजीत आंधळा डोळा वेगळा आणि बहिरा कान वेगळा. कारण न ऐकल्यासारखें करण्यास ‘टर्न अ डेफ इअर’ म्हणतात. आपण मात्र ‘कानाडोळा’ या एकाच शब्दांत दोन्ही कामें उरकतों!

खेळाचें मैदान हा दुसरा उगम. क्रिकेट आपल्याकडेहि घरोघर पोंचलें असल्यामुळें हे वाक्संप्रदाय तुम्हांस कठीण जाणार नाहींत. ‘ऑफ वन्स ओन बॅट’ म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवांचून, स्वतःच्या कर्तबगारीनें. ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीच्या परिस्थितींत. पावसानें भिजून उन्हानें सुकूं लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसतो. ‘इट इज नॉट क्रिकेट’ म्हणजे हें वागणें न्यायाला धरून नाहीं. ‘हॅट-ट्रिक’ चें मूळ १८५८ मध्यें शेफील्ड येथें एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हां त्याला वर्गणी करून हॅट भेट देण्यांत आली, या प्रसंगांत सांगतात.

तिसरा उगम म्हणजे १६११ मध्यें प्रसिद्ध झालेलें बायबलचें इंग्रजी भाषांतर. इंग्लंडांत पिढ्यानुपिढ्या तें घरांत व देवळांत मोठ्यानें वाचलें गेलें, त्यामुळें धर्माची आठवणहि न होतां लोक त्यांतील शब्दप्रयोग वापरतात. दानीएलाच्या ग्रंथांतील राजाच्या मेजवानींत भिंतीवर एकाएकीं अक्षरें उमटलीं. त्यावरून ‘द रायटिंग ऑन द वॉल’ म्हणजे येऊं घातलेल्या अनर्थाचें स्पष्ट चिन्ह. डुकरांपुढें मोत्यें टाकूं नयेत, या उपदेशावरून ‘टु कास्ट पर्ल्स बिफोर स्वाइन’ आला. आपण त्याच जागीं ‘गाढवापुढें वाचली गीता’ म्हणतों. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ म्हणजे ज्यांच्यामुळें जगाला चव आहे असे सज्जन. ‘खाल्ल्या मिठाला जागणें’ म्हणणाऱ्या आम्हांला मिठाची थोरवी निराळी सांगावयास नको.

हवामानाचाहि भाषेवर ठसा उमटतो. थंड देशांत ऊब ही सुखाची; म्हणून इंग्रज ‘वॉर्म वेलकम’ देतो आणि ज्याच्याशीं तुटकपणें वागावयाचें त्याला ‘कोल्ड शोल्डर’ दाखवितो. आपल्याकडे वैशाखाचें ऊन. म्हणून आपला जीव ‘थंड’ होतो, डोळे ‘निवतात’, आणि रागावलेल्यास आपण ‘डोकें थंड ठेव’ म्हणतों. ‘वॉर्म वेलकम’ चें भाषांतर ‘गरम स्वागत’ असें करणारा विद्यार्थी पाहुण्याला पळवूनच लावील! तेथें ‘मनःपूर्वक स्वागत’ हेंच मराठी.

४. जुळे भाऊ आणि तोतये

कांहीं इंग्रजी वाक्संप्रदाय आणि मराठी वाक्संप्रदाय जुळ्या भावांसारखे असतात. ‘इन ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणजे लेखी. आपणहि ‘पांढऱ्यावर काळें’ करतों. तोंडाला पाणी सुटणें दोन्ही भाषांत सारखेंच. कांहीं तर सरळ इंग्रजींतूनच मराठींत आले. ‘नक्राश्रु’ आणि ‘सिंहाचा वाटा’ हीं त्याचीं उदाहरणें. इसापाच्या कथेंतला सिंह सर्वच शिकार बळकावतो. मराठींत मात्र ‘या कार्यांत त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ ही स्तुति समजली जाते. परदेशांतून आलेला शब्द नव्या घरीं असा नवा स्वभाव धारण करतो.

यापेक्षां सावध राहावयास हवें तें तोतयांपासून. म्हणजे दिसण्यांत सारखे, पण अर्थानें निराळे अशा शब्दसमूहांपासून. ‘पुल समबडीज लेग’ म्हणजे एखाद्याची थट्टा करणें; मराठींत ‘पाय ओढणें’ म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षांत विघ्न आणणें. पहिल्यांत हंसणें आहे, दुसऱ्यांत मत्सर आहे. ‘वॉश वन्स हॅन्ड्स ऑफ’ म्हणजे एखाद्या कामाची जबाबदारी झटकून टाकणें. येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलातानें लोकांसमोर हात धुतले, त्या प्रसंगाशीं तो निगडित आहे. मराठींत ‘हात धुवून मागें लागणें’ म्हणजे पिच्छा न सोडणें, आणि ‘हात धुवून घेणें’ म्हणजे संधि साधून लाभ उठविणें. इंग्रजींत हात धुतल्यावर काम सुटतें, मराठींत तें सुरू होतें! अशा जोड्या वहींत शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्या.

५. सभ्यतेचे शब्द

रोजच्या व्यवहारांत सर्वांत अधिक घोटाळे येथें होतात. मराठींत आदर क्रियापदांत आणि सर्वनामांत असतो. ‘बसा’, ‘बसावें’, ‘आपण बसावें’ अशा पायऱ्या आपल्याजवळ आहेत. म्हणून ‘प्लीज’ सारख्या शब्दाची आपल्याला गरज भासत नाहीं. घरांत आईनें पाणी दिलें तर आपण तिचे आभार मानीत नाहीं; मानले तर ती ‘मी काय परकी आहे?’ असें विचारील. इंग्रजींत ‘यू’ एकच, लहानाला आणि थोराला. त्यामुळें सगळा आदर ‘प्लीज’, ‘थँक यू’, ‘वुड’ आणि ‘कुड’ या शब्दांना वाहावा लागतो. ‘गिव्ह मी वॉटर’ हें मराठी ‘पाणी द्या’ चें शब्दशः भाषांतर आहे. परंतु ‘द्या’ मधील आदर वाटेंत सांडला आणि इंग्रजाच्या कानीं नुसती आज्ञा पोंचली. बोलणारा मुलगा सुशील असूनहि उद्धट ठरला. हें नुकसान लहान नव्हे.

‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ या प्रश्नाचा शब्दशः अर्थ ‘खिडकी उघडण्यास आपली हरकत आहे काय?’ असा आहे. म्हणून मदत करावयाची असेल तर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’ असें द्यावें. उत्साहानें ‘येस’ म्हणाल तर ‘होय, हरकत आहे’ असा अर्थ होईल. ‘आय ॲम अफ्रेड ही इज आउट’ यांत कोणी कोणाला भीत नाहीं. ‘क्षमा असावी, ते बाहेर गेले आहेत’ एवढेंच सांगावयाचें असतें. ‘गुड नाइट’ हा निरोप आहे, भेटीचा नमस्कार नव्हे. रात्रीं भेटतांनाहि ‘गुड ईव्हनिंग’ च म्हणावें. ‘आय ॲम सॉरी’ हें अपराध कबूल करतांना म्हणतात तसेंच दुसऱ्याच्या दुःखांत सहभागी होतांनाहि म्हणतात. आपण भेटल्यावर ‘जेवण झालें का?’ म्हणून विचारतों, तसा इंग्रज हवेविषयीं बोलतो. दोघांनाहि उत्तराची फारशी अपेक्षा नसते. ओळख जागी ठेवावयाची असते.

६. शिकण्याची रीत

(अ) वहीचे तीन भाग करा. पहिल्यांत वाक्संप्रदाय पूर्ण वाक्यांत लिहा, दुसऱ्यांत मराठी अर्थ, आणि तिसऱ्यांत तो कोणीं, कोणाशीं, कोणत्या प्रसंगीं वापरला तें लिहा. तिसरा भाग रिकामा राहिला तर पहिले दोन निरुपयोगी समजा. मृत्यूविषयीं मराठींत ‘देवाज्ञा झाली’ आणि ‘गचकला’ हे दोन्ही शब्द आहेत. दुसरा शब्द दुखवट्याच्या पत्रांत कोणी लिहील काय? ‘पास अवे’ आणि ‘किक द बकेट’ यांत नेमका तोच भेद आहे. अर्थ एकच पाहून दुसरा प्रयोग पत्रांत घातला, तर शोकाकुल कुटुंबाची क्रूर थट्टा होईल.

(आ) शब्दांची अदलाबदल करूं नका. मराठींत ‘तिखटमीठ लावणें’ चालतें, ‘मीठतिखट लावणें’ चालत नाहीं. त्याचप्रमाणें ‘सेफ अँड साउंड’ हें ‘साउंड अँड सेफ’ होत नाहीं.

(इ) मराठी वाक्प्रचाराचें इंग्रजींत शब्दशः भाषांतर करूं नका. ‘डोकें खाऊं नकोस’ चें शब्दशः इंग्रजी ऐकून परका मनुष्य भयभीत होईल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविलें; तिचाहि मार्ग सुटे शब्द पाठ करण्याचा नसून दोन्ही भाषांतील वाक्यें समोरासमोर मांडण्याचा आहे.

(ई) आधीं ओळखावयास शिका, मग वापरावयास. आज चित्रपट, नभोवाणी, पुस्तकें यांतून इंग्रजी कानांवर पडण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. एखादा प्रयोग तीन-चार निरनिराळ्या ठिकाणीं भेटल्यावरच तो आपल्या निबंधांत आणावा. एका परिच्छेदांत दहा वाक्संप्रदाय कोंबलेला निबंध हा नथ, बुगडी, ठुशी आणि वज्रटीक एकदमच घालून शेतावर निघालेल्या बाईसारखा दिसतो.

७. पालकांस विनंति

मुलाची इंग्रजी सुधारावी म्हणून घरांत मराठी बोलणेंच सोडून द्यावें, असा विचार कित्येक पालक करतात. वरील विवेचनावरून त्यांतील धोका लक्षांत येईल. ज्या मुलानें आजीच्या तोंडून ‘आगींतून फुफाट्यांत’ ऐकलें आहे, त्याला ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’ एका क्षणांत कळतें. त्याला फक्त नवे शब्द शिकावयाचे असतात, अनुभव त्याच्याजवळ असतो. ज्याच्याजवळ स्वभाषेचें हें भांडवल नाहीं, त्याला शब्दहि नवे आणि कल्पनाहि नवी. तो पाठ करील, परंतु त्याला कान येणार नाहीं. भाषेचा कान एकदां घडला म्हणजे तो दुसऱ्या भाषेंतहि उपयोगीं पडतो. म्हणून इंग्रजी पुस्तकांबरोबर दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हि मुलांच्या हातीं द्यावा, आणि घरांतील वडील माणसांच्या म्हणी मुलांकडून लिहून घ्याव्या. हा अभ्यास बिनखर्चाचा आहे, आणि तो उद्यांवर टाकण्यासारखा नाहीं. कारण म्हणी सांगणारीं माणसें सदैव घरांत असतात असें नाहीं.

अभ्यास

पुढील इंग्रजी प्रयोगांस समानार्थी मराठी प्रयोग शोधा. खालचीं उत्तरें हातानें झांकून घ्या.

१. टु मेक बोथ एन्ड्स मीट. २. टु मेक अ माउन्टन आउट ऑफ अ मोलहिल. ३. टु ॲड फ्युएल टु द फायर. ४. अ बॅड वर्कमन क्वॉरल्स विथ हिज टूल्स. ५. एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज. ६. टु कॅरी कोल्स टु न्यूकासल.

उत्तरें : १. तोंडमिळवणी करणें. २. राईचा पर्वत करणें. ३. आगींत तेल ओतणें. ४. नाचतां येईना अंगण वांकडें. ५. उथळ पाण्याला खळखळाट फार. ६. न्यूकासल हें इंग्लंडांतील कोळशाच्या व्यापाराचें प्रसिद्ध बंदर होतें. तेथें कोळसा नेणें म्हणजे व्यर्थ श्रम. याला कोंकणांत नारळ पाठविणें म्हणतां येईल. याहून चांगला प्रयोग तुमच्या गांवांत ऐकूं येत असेल, तर तो आपल्या वहींत लिहून शिक्षकांस अवश्य दाखवा.